अडतीसची पॅंट

८ जानेवारी

ताई,

नमस्कार. फोनवर तुला माझं निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाने जोडतेस, म्हणून पत्र. सोबत पार्सल आहे. त्यात माझी कामावरची निळी पॅंट आहे, तूच शिवलेली, कंबर अडतीस. चेन गेली आहे, ती बदलून पाठव.

जुनी पॅंट एवढी का जपतोय ते सांगतो, हसू नकोस. कारखान्यात नवे सेफ्टीवाले साहेब आले आहेत. त्यांनी नियम काढलाय की बॉयलरच्या आत उतरणाऱ्या प्रत्येकाने अकरा जूनला चाचणी द्यायची. बॉयलरचं तोंड सोळा इंच लांब आणि बारा इंच रुंद, अंड्याच्या आकाराचं. आजवर मी एक हात पुढे घालून, श्वास सोडून कसाबसा सरकायचो आणि बाहेर दोरी धरून उभा असलेला आमचा दोरीवाला माझे पाय ढकलायचा. आता अंगावर पट्टा आणि हवेचा डबा घालून, कुणी न ढकलता जायचं. त्यासाठी कंबर अडतीसच्या आत हवी. कारखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी माझी मोजली, साडेचाळीस भरली.

मी काही लोळत पडणारा माणूस नाही. दीड वर्ष झालं, रोज पहाटे तासभर चालतो, आल्यावर पाठीवर पडून पोटाचे व्यायाम करतो. साखर बंद, तळलेलं बंद, रात्रीचं जेवण सातला आणि तेही दोन घास राखून. चार किलो उतरलं. गाल बसले, हात वाळले, मांड्या गेल्या. पोट मात्र घरजावयासारखं ठाण मांडून आहे. बाई म्हणाल्या, तुमची तब्येत उत्तम आहे, हे सगळं चालू ठेवा. पण पोटाचे व्यायाम केले म्हणून चरबी पोटाचीच जाते असं नसतं. ती कुठून जायची ते शरीर ठरवतं आणि त्रेपन्नाव्या वर्षी काहींचं शरीर पोटाला हात लावू देत नाही. पोटाचं वचन मी देणार नाही, असं त्या स्पष्ट बोलल्या.

टेपवर माझा भरवसा नाही. श्वास घेतला की एक आकडा, सोडला की दुसरा. आपण शिंप्याची पोरं, आपल्याला कपडाच खरं सांगतो. ज्या दिवशी या पॅंटचं बटण लागेल त्या दिवशी मी पास झालो असं समजणार आहे. सव्वीस वर्षं मी त्या बॉयलरच्या पोटात उतरतोय. हातोडीने नळी वाजवली की ती आतून किती झिजली आहे ते मला कळतं, आणि ते दुसऱ्या कुणाला कळत नाही. ते गेलं तर माझ्याजवळ दुसरं काही नाही, ताई.

तुझा खिळा


१७ जानेवारी

खिळ्या,

आशीर्वाद. चेन बदलली. गुडघ्याला आतून अस्तर लावलं. धुऊन धुऊन कंबरपट्टीही आवळली होती, ती सारखी केली.

डोकं मोठं आणि अंग काडीसारखं म्हणून बाबांनी तुझं नाव खिळा ठेवलं, आणि आता तोच खिळा भोकातून जात नाही म्हणतोस. हसू नकोस म्हणालास तरी हसले, रागावू नकोस. बाबांचंही पन्नाशीनंतर असंच पोट आलं होतं. दिवसभर मशीनवर पाय मारणारा माणूस, तोलून मापून जेवणारा, तरी शेवटपर्यंत ते गेलं नाही. तुला ते त्यांच्याकडूनच आलंय. दुकान मला दिलं आणि पोट तुला.

दुकान ठीक चाललंय. काल शाळेच्या हेडबाई आल्या होत्या. म्हणाल्या, तुझ्या हाताला गुण आहे, सहा वर्षं झाली, माझं माप बदललेलं नाही. मी मान डोलावली. दर वर्षी त्यांचे कपडे दुरुस्तीला येतात तेव्हा मी शिवण अर्धा इंच सोडते. बाबा असते तर खूश झाले असते.

उपाशी राहू नकोस. चक्कर येऊन पडलास तर भोक राहील बाजूला.

ताई


२९ जानेवारी

ताई,

लागलं. बटण लागलं.

पार्सल उघडलं आणि हात धुवायच्या आधी पॅंट घातली. जरा श्वास आत घ्यावा लागला, पण लागलं. हिला स्वयंपाकघरातून हाक मारून दाखवलं. हिने वरून खालून पाहिलं, मला तर तुम्ही होतात तसेच दिसता म्हणाली आणि निघून गेली. रोज बघणाऱ्याला फरक दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी तीच घालून कामावर गेलो. दोरीवाल्याने माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला की आता जूनमध्ये तुझे पाय धरायला मी कशाला हवा. पंधरा वर्षं तो बाहेर आणि मी आत. आतून दोनदा ठोकलं की दोरी सैल, तीनदा ठोकलं की ओढ. आमचं बोलणं एवढंच, पण घरात होतं त्यापेक्षा जास्त.

आता चालणं तासाचं दीड तास केलंय. डॉक्टरीणबाई शिकलेल्या आहेत, पण प्रत्येक माणसाचं शरीर वेगळं असतं.

खिळा


१० फेब्रुवारी

खिळ्या,

पत्र वाचून बरं वाटलं. शेजारणीलाही वाचून दाखवलं.

एक सांगते. एकदा टेपही लावून बघ. पॅंट कमरेखाली सरकते आणि पोट वर राहतं, हे मी रोज शंभर गिऱ्हाइकांत बघते. साहेब काही पॅंट बघून सोडणार नाहीत. बेंबीवरून टेप धर, श्वास घेऊ नकोस, सोडूही नकोस, आणि जो आकडा येईल तो मला कळव.

दीड तास चालतोस, त्यात गुडघे सांभाळ.

ताई


५ मार्च

ताई,

टेपचं बघतो. घरात सापडत नाही.

पॅंट पुन्हा पाठवतोय. खिसा हातोडीच्या दांड्याने फाटलाय, तेवढा शीव. आणखी एक. बसलं की बटण रुततं. दोन धुण्यांत परत आवळली असणार. मागच्या वेळी तूच म्हणाली होतीस की धुऊन धुऊन आवळते. तर तेवढं पुन्हा बघ.

बाकी व्यवस्थित. वजन अर्धा किलो उतरलं. माझा चेहरा आता इतका उतरलाय की फोरमनने विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. घरी सगळं ठीक आहे. फक्त ही माझ्याबरोबर जेवायला बसत नाही. तुम्ही घास मोजता ते मला बघवत नाही म्हणते.

खिळा


१३ मार्च

खिळ्या,

खिसा शिवला. कंबर बघितली. आता रुतणार नाही.

आज जास्त लिहिता येत नाही, गर्दी आहे. एकच विचारायचं होतं. समज, जूनमध्ये नाही जमलं तर कारखाना तुला दुसरं काही काम देईल ना? एवढ्या वर्षांच्या माणसाला असं वाऱ्यावर सोडणार नाहीत. ते मला नीट कळव.

टेप पार्सलमध्ये ठेवली आहे.

ताई


२ एप्रिल

ताई,

नमस्कार. तू विचारलंस म्हणून आता सांगतो. काळजी करत बसशील म्हणून आधी लिहिलं नव्हतं.

दुसरं काम होतं. जानेवारीतच फोरमनने सांगितलं होतं. ज्यांना चाचणी द्यायची नाही त्यांना स्टोअरमध्ये खुर्ची. नट-बोल्ट आले किती, गेले किती, ते लिहायचं, निवृत्तीपर्यंत. मात्र एकतीस मार्चच्या आत लेखी कळवायचं. जो खुर्ची नको म्हणेल आणि नंतर चाचणीत अडकेल, त्याला घरी बसावं लागेल. दोन्ही दगडांवर पाय ठेवता येणार नाही, असं साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं.

परवा, एकतीस तारखेला, मी ही पॅंट घालून ऑफिसात गेलो आणि खुर्ची नको म्हणून सही केली. फोरमनने दोनदा विचारलं. मी बटणावर हात ठेवला आणि म्हटलं, अडतीस आहे. आता तर दोन बोटं आत जातात.

हिला अजून सांगितलेलं नाही. जूनमध्ये पास झालो की एकदमच सांगेन.

खिळा


६ एप्रिल

खिळ्या,

हे पत्र वाचलंस की आहेस तसा ऊठ आणि फोरमनकडे जा.

ती पॅंट अडतीसची नाही. जानेवारीत मी मागची शिवण उसवून एक इंच सोडली. मार्चमध्ये आणखी एक इंच. आत दुमडलेल्या कापडाची माया होती तेवढी सगळी संपवली. तुझी पॅंट आता चाळीसची आहे.

कशी सोडली ते विचारू नकोस. पार्सल उघडलं, टेप लावली, तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि हात उसवणीकडे गेला. गिऱ्हाइकाला वाढलेलं अंग सांगायचं नाही, गपचूप शिवण सोडून द्यायची, हे बाबांनी मला चौदाव्या वर्षी शिकवलं. चाळीस वर्षं मी तेच करते. मला वाटलं, बटण लागलं तर तुला हुरूप येईल आणि जूनपर्यंत खरंच उतरेल. तुझ्यापुढे कागद ठेवलाय हे मला माहीत नव्हतं. तू एका ओळीने कळवलं असतंस तर मी तुला खुर्चीत बसवल्याशिवाय राहिले नसते.

फोरमनला सांग, बहिणीने फसवलं. माझं नाव घे, हवं तर हे पत्र दाखव. सही मागे घे. हात जोडते.

ताई


१९ एप्रिल

ताई,

पत्र मिळालं. त्याच दिवशी फोरमनकडे गेलो. तुझं पत्र दाखवलं. त्याने ते पूर्ण वाचलं, घडी घातली आणि परत दिलं. खुर्ची एक तारखेलाच वेल्डरला दिली म्हणाला. त्याची कंबर चौतीस आहे, त्याला फक्त आत भीती वाटते.

टेप लावली. हिने लावली. चाळीस. जानेवारीपासून रोज दीड तास चालून, मोजून जेवून, अर्धा इंच.

तू असं करायला नको होतंस. मी सगळ्यांना सांगितलंय की माझ्या सख्ख्या बहिणीने मला बुडवलं. हिलाही सांगितलं. ही दोन दिवस रडत होती आणि तुझं नाव घेत होती. आता काही पाठवू नकोस, पॅंट नको आणि पत्रही नको.

तुझा भाऊ


१३ जून

खिळ्या,

नको म्हणालास तरी लिहिते. परवा चाचणी झाली असणार. दोन दिवस पोस्टमनची वाट पाहिली.

एप्रिलपासून मी दुरुस्तीचं काम घेत नाही. नवे कपडे शिवते, पण जुना कपडा उसवायला घेतला की हात थांबतात. हेडबाई आल्या होत्या. त्यांना मी सांगून टाकलं की सहा वर्षांत तुम्ही तीन इंच वाढलात. त्यांनी कपडे उचलले आणि गेल्या. परत येतील असं वाटत नाही.

तुझ्या बायकोने फोन उचलला. माझा आवाज ऐकला आणि ठेवून दिला. तिचं बरोबर आहे. दोन ओळी लिही. पास की नापास एवढंच लिही.

ताई


२१ ऑगस्ट

ताई,

नमस्कार. दोन महिने पत्र घरात पडून होतं. आज उत्तर लिहायला बसलोय, कारण कालपासून बॉयलरची साफसफाई सुरू झाली आणि मी घरी आहे.

चाचणी अकरा जूनला झाली. आवारात सुताराने केलेली लाकडी चौकट उभी केली होती, बॉयलरच्या तोंडाच्याच मापाची. पहिले तिघे गेले. मग मी. हात गेले, डोकं गेलं, खांदे तिरके करून गेले, छाती आणि डबा घासत का होईना गेला. मग पोट आलं. श्वास सोडला तेवढा सोडला. पुढेही जाईना, मागेही येईना. तेवढ्यात माझ्या टाचांना हात लागले. पंधरा वर्षांची सवय, दोरीवाल्याला राहवलं नाही. साहेब शांतपणे म्हणाले, "ढकलायचं नाही." हात निघाले. मी तिथे किती वेळ होतो कोण जाणे. शेवटी साहेबांनी लिहून घेतलं आणि म्हणाले, "आता काढा त्यांना." दोरीवाल्याने मला पाय धरून मागे ओढलं. नंतर त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, दोरी गुंडाळत बसला.

एक जुलैपासून घरी आहे. आत आता कंत्राटदाराचा माणूस उतरतो, वेळूसारखा बारीक. दोरीवाला सांगत होता की तो हातोडी मारतो, पण वाजलेलं काही त्याला समजत नाही. सगळ्या नळ्या ठीक आहेत असं लिहून बाहेर येतो. ते ऐकून मला बरं वाटलं आणि नंतर स्वतःची लाज वाटली.

आता जे लिहायला बसलोय ते लिहितो.

जानेवारीत पार्सल उघडलं तेव्हाच मला दिसलं होतं. बाबांच्या हाताखाली मी चार वर्षं शिवणी उसवल्या आहेत, ताई. उसवलेल्या जागी आतलं कापड गडद असतं, त्याला ऊन लागलेलं नसतं. निळी पॅंट विटून राखाडी झालेली आणि मागे बोटभर गडद निळी पट्टी. जुन्या दोऱ्याची भोकंसुद्धा दिसत होती. मी त्या पट्टीवरून अंगठा फिरवला आणि पॅंट घातली. बटण लागलं, मग हिला हाक मारली. हिच्याकडे पाठ केली नाही, एवढं मला आठवतं.

मार्चमध्ये खिसा माझ्या हाताने थोडा जास्त फाडला. पार्सल पाठवायला कारण हवं होतं. कंबर पुन्हा बघ असं लिहिलं तेव्हा मी काय मागतोय ते मला पुरतं ठाऊक होतं. सही करतानाही ठाऊक होतं. मला वाटायचं, तुझ्या शिवणीने जे अंतर कापलं ते माझं शरीर मागून भरून काढेल. जूनपर्यंत वेळ आहे, चालणं वाढवू, एक वेळचं जेवण सोडू. ते तीन महिने मी खूप आनंदात होतो. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी शिट्टी वाजवत कामावर जायचो.

मग तुझं पत्र आलं आणि मला फार सोपं झालं. तुझ्यावर ढकललं. फोरमनपुढे तुझं पत्र मी स्वतःच उघडून धरलं. चार महिने ही तुला शिव्या देते आणि मी ऐकून घेतो. काल रात्री जेवताना तिला खरं सांगितलं. ती ताटावरून उठली नाही, जेवण पूर्ण केलं, आणि आज सकाळपासून माझ्याशी बोललेली नाही.

मी अजून पहाटे उठतो. चालतो, पाठीवर पडून पाय उचलतो, सातला जेवतो. का ते मला सांगता येणार नाही. सकाळी टेप लावली होती. चाळीस.

तू दुरुस्तीची कामं घे. तुझं काही चुकलेलं नाही.

खिळा


३० ऑगस्ट

खिळ्या,

पत्र तीनदा वाचलं. तुला दिसलं होतं हे वाचून माझ्या छातीवरचं ओझं उतरायला हवं होतं. उतरलं नाही.

माझं काही चुकलं नाही असं लिहू नकोस. मी खोटं शिवलं. पण तू ते ओळखून घातलंस. तुला दिसलं होतं, आणि तुला दिसेल हे मला कळायला हवं होतं, चार वर्षं तू माझ्याच शेजारी बसून उसवत होतास. जानेवारीत तू एवढंच लिहिलं असतंस की ताई, शिवण का सोडलीस. किंवा मी लिहिलं असतं की तुझं बटण लागत नाही रे. आपल्या दोघांपैकी एकाने ते एक वाक्य लिहिलं असतं तर तू आज स्टोअरमध्ये बसून, कंटाळून, नट-बोल्ट मोजत असतास. आपण सात पत्रं लिहिली आणि ते वाक्य कुणीच लिहिलं नाही.

एप्रिलपासून मी रोज स्वतःला खाते आहे. माझ्या भावाचं आयुष्य मी दोन इंचांपायी संपवलं असं म्हणत मी पाच महिने अंथरुणावर पडले आणि उठले. आणि एवढे दिवस तुला माहीत होतं. पोटाचं मी समजू शकते, ते तुझ्या हातात नव्हतं. हे तुझ्या हातात होतं.

बायको बोलत नाही तर तिच्या मागे लागू नकोस. तिच्या हातचं पोटभर जेव, घास मोजू नकोस, तेवढं तरी कर. चालायचं तर चाल.

इकडे यावंसं वाटेल तुला. एवढ्यात येऊ नकोस. आजपर्यंत मी फक्त स्वतःवर रागावले होते. आता मला तुझ्यावर रागवायचं आहे आणि त्याला किती दिवस लागतील ते मला सांगता येत नाही. झालं की मीच कळवेन.

ताई